मळी, यीस्ट आणि एक चिठ्ठी

बोटावर घेऊन पाहिली तर मळी काकवीसारखीच वाटते. फक्त जास्त काळी, जास्त जड आणि चवीला कडवट. साखरेचे दाणे वेगळे काढल्यावर कारखान्यात जी उरते ती ही मळी. तिच्यातून आणखी दाणे काढणं परवडत नाही, पण साखर तिच्यात भरपूर असते, वजनाच्या जवळपास निम्मी. डिस्टिलरीत तिच्यात पाणी घालून ती पातळ करतात, मोठ्या टाकीत सोडतात आणि आधी वाढवून ठेवलेलं यीस्ट तिच्यात मिसळतात. काही तासांत टाकी खदखदू लागते. खाली विस्तव नसतो, तरी तपकिरी फेस वर चढतो, बुडबुडे फुटत राहतात आणि आंबूस-गोड वास हवेत पसरतो.

श्रीरामपूरच्या परिसराला हा वास जुना आहे. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वेमार्ग सुरू झाला तेव्हा इथल्या स्टेशनाला जवळच्या बेलापूरचं नाव मिळालं आणि स्टेशनाभोवती वसलेली वस्ती बेलापूर रोड म्हणून ओळखली जाऊ लागली. गावाचं नाव पुढे श्रीरामपूर झालं, रेल्वेच्या फलकावर मात्र आजही बेलापूरच आहे. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेचं पाणी कालव्याने या काळ्या जमिनीत आलं आणि जिथे बाजरी पाण्याची वाट पाहत उभी असायची तिथे ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता. १९३३ मध्ये महादेव दहाणूकर यांनी टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स उभी केली. तिथे साखरेपाठोपाठ मद्यार्क आला आणि मळीला किंमत आली. पुढे कमाल जमीन धारणेचा कायदा आला, १९६३ मध्ये शेती महामंडळ झालं, कारखान्यांना खंडाने जमिनी दिलेल्या खंडकऱ्यांचा लढा कित्येक दशकं चालला. या सगळ्याच्या फायली आहेत, ठराव आहेत, निकालपत्रं आहेत.

टाकीतल्या यीस्टचीही एक गोष्ट आहे. ती लिहिली गेली दूर देशांत, पण जिच्यावरून ती उलगडली ती वस्तू याच टाकीत होती.

यीस्टची एक पेशी मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी असते. मळीतली बरीचशी साखर सुक्रोजच्या रूपात असते, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची बांधलेली जोडी. ही जोडी फुटून सुटे भाग झाले की यीस्टला ते सहज आत घेता येतात. म्हणून यीस्ट एक विकर तयार करतं आणि ते पेशीच्या पातळ पडद्याबाहेर, भिंतीपाशी नेऊन ठेवतं. साखर तिथेच, दाराबाहेर फुटते. या विकराचं नाव इन्व्हर्टेज.

ऊसवाल्यांना इन्व्हर्टेज नावाने ठाऊक नसलं तरी त्याचा उपद्रव चांगला ठाऊक आहे. तोडलेला ऊस वेळेवर गव्हाणीत पडला नाही की उतारा घसरतो, कारण तोडलेल्या उसातलं इन्व्हर्टेज गप्प बसत नाही; ते सुक्रोज फोडत राहतं आणि फुटलेल्या साखरेचे दाणे होत नाहीत. कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट रसाचा 'पोल' मोजतो तोही सुक्रोजच्या एका गुणावर. सुक्रोजच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की तो उजवीकडे वळतो, सुक्रोज फुटल्यावर डावीकडे. दिशा उलटते, म्हणून त्या क्रियेला 'इन्व्हर्जन' आणि विकराला इन्व्हर्टेज.

फ्रान्समध्ये मार्सेलॅं बर्थेलो यांनी १८६० मध्ये यीस्टच्या अर्कातून हे विकर वेगळं काढलं. १९१३ मध्ये बर्लिनमध्ये लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटेन यांनी याच इन्व्हर्टेजवर, याच उजव्या-डाव्या वळणाची मोजणी करत, विकरं किती वेगाने काम करतात याचं समीकरण मांडलं. जीवरसायनशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत ते आजही असतं. टिळकनगरची चिमणी उभी राहिली तेव्हा इन्व्हर्टेज काय करतं हे जगाला नीट माहीत झालेलं होतं. ते पेशीच्या आत तयार होऊन बाहेर कसं येतं, हे कोणालाच माहीत नव्हतं.

प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. पेशीचा पडदा स्निग्ध पदार्थांचा असतो आणि प्रथिनाचा बोजड रेणू त्यातून आरपार जाऊ शकत नाही. पडद्याला भोक पाडलं तर पेशी मरते. तरीही स्वादुपिंडातून पाचक विकरं बाहेर पडतात, गाईच्या कासेत दुधाचं केसिन उतरतं, यीस्टच्या भिंतीवर इन्व्हर्टेज पोहोचतं.

पहिला धागा इटलीत हाती लागला. १८९८ मध्ये पाविया इथे कामिल्लो गॉल्जी यांना घुबडाच्या मेंदूतल्या पेशींत, चांदीच्या क्षारांनी रंगवल्यावर, एक काळी जाळी दिसली. ती खरी पेशीत आहे की रंग चढवताना तयार झालेला डाग आहे, यावर पन्नास वर्षं वाद चालला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये आल्बेर क्लोद, कीथ पोर्टर आणि सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अखंड पेशीचं चित्र घेतलं आणि पेशीच्या आत पसरलेली आणखी एक नाजूक जाळी दिसली. बालभारतीच्या पुस्तकात आपण तिला आंतर्द्रव्यजालिका म्हणतो. गॉल्जींचा डागही खरा ठरला. एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्यांची ती चळत निघाली.

रुमानियातून १९४६ मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या जॉर्ज पलाडे यांना या जाळीवर बारीक कण चिकटलेले दिसले. ते रायबोझोम. केंद्रकातून आलेला संदेश वाचून प्रथिनाची साखळी गुंफणारी जागा ती हीच. पण चित्र म्हणजे थिजलेला क्षण. त्यात कोण कुठून आलं आणि कुठे चाललं हे कळत नाही. १९६०च्या दशकात पलाडे आणि जेम्स जेमिसन यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे तुकडे घेतले, त्यांना तीन मिनिटं किरणोत्सारी ल्युसीन दिलं आणि मग ते थांबवून साधं ल्युसीन दिलं. त्या तीन मिनिटांत घडलेल्या प्रथिनांवर जणू गुलाल पडला. मग ठरावीक वेळाने एकेक तुकडा काढून पाहायचा की गुलाल कुठवर पोहोचला. सुरुवातीला तो रायबोझोम असलेल्या खरखरीत जाळीत होता. काही मिनिटांनी गॉल्जीच्या पिशव्यांपाशी. दोन तासांच्या आसपास बाहेर पडायला तयार असलेल्या गोळ्यांत. प्रथिनाचा रस्ता पहिल्यांदाच वेळेसकट आखला गेला. १९७४ मध्ये क्लोद, पलाडे आणि लयकारिका शोधणारे क्रिस्तियां द द्यूव यांना नोबेल मिळालं.

रस्ता कळला. पण रायबोझोमवर तयार होणाऱ्या हजारो प्रथिनांपैकी कोणाला जाळीत शिरू द्यायचं हे ठरतं कसं? न्यूयॉर्कलाच गुंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी यांनी १९७१ मध्ये एक अंदाज मांडला आणि १९७५ मध्ये ब्लोबेल व बर्नहार्ड डोबरश्टाइन यांनी त्याला प्रयोगांचा आधार दिला: बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या पुढच्या टोकालाच एक छोटा तुकडा असतो, तोच त्याचा परवाना.

उसाच्या गाडीला कारखान्याच्या आवारात शिरायचं तर चिठ्ठी लागते. शेतात चिटबॉय ती देतो, गाडीतळावर आणि वजनकाट्यावर ती दाखवावी लागते. चिठ्ठी नसलेली गाडी कितीही गोड ऊस घेऊन आली तरी बाहेरच उभी राहते. इन्व्हर्टेजची चिठ्ठी १९ अमिनो आम्लांची असते. तिच्यामागे पाचशेहून अधिक अमिनो आम्लांचं प्रत्यक्ष विकर येतं. रायबोझोममधून साखळीचं टोक बाहेर डोकावलं की चिठ्ठी वाचली जाते, जाळीच्या पडद्यातलं दार उघडतं, साखळी आत सरकते आणि आत गेल्यावर चिठ्ठी कापून टाकली जाते. पुढे तिचा उपयोग नसतो.

१९८२ मध्ये मॅरियन कार्लसन आणि डेव्हिड बॉटस्टाइन यांना यीस्टच्या इन्व्हर्टेजमध्ये याचा फार सुंदर पुरावा मिळाला. यीस्ट दोन प्रकारचं इन्व्हर्टेज बनवतं, थोडं पेशीच्या आत राहणारं आणि बरंचसं बाहेर जाणारं. दोन्हींचा जनुक एकच. केंद्रकातून त्या जनुकाचे दोन संदेश निघतात, एक आखूड आणि एक लांब. लांब संदेशात चिठ्ठी असते, आखूडात नसते. आजूबाजूला ग्लुकोज मुबलक असेल तर लांब संदेश जवळजवळ बंद असतो. ग्लुकोज कमी पडलं की तो जोरात सुरू होतो. गरज पडल्याशिवाय पेशी बाहेर माल पाठवत नाही.

या गोष्टीचा मधला, सगळ्यात समृद्ध भाग कॅलिफोर्नियातला आहे. रँडी शेकमन १९७६ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात रुजू झाले तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आत होतं. शिक्षण झालं होतं आर्थर कॉर्नबर्ग यांच्याकडे. पेशी फोडायची, सुटे भाग शुद्ध करायचे आणि परीक्षानळीत पुन्हा जोडून पाहायचे, ही तिथली शिस्त. शेकमन यांनी वेगळी वाट धरली. लेलँड हार्टवेल यांनी सिअ‍ॅटलमध्ये यीस्टचे असे वाण शोधले होते जे थंडाव्यात व्यवस्थित वाढतात आणि ऊब वाढवली की पेशीविभाजनाच्या एका ठरावीक पायरीवर अडकतात. जनुकात बिघाड असतो, पण तो उष्णतेतच उघडा पडतो. हीच युक्ती स्रावाला, म्हणजे पेशीने माल बाहेर पाठवण्याला, लावली तर? अडकलेल्या यीस्टमध्ये कुठे काय साचलं ते पाहायचं आणि त्यावरून रस्त्यावरचं कोणतं नाकं कोण सांभाळतं ते ठरवायचं. त्यांनी अनुदानासाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला. यीस्ट पलाडेंच्या स्वादुपिंडासारखं काम करतं, याला तेव्हा पुरावाच नव्हता.

पीटर नोव्हिक नावाचा संशोधक विद्यार्थी या कामाला लागला. मोजायला सोपं, भिंतीवर जाणारं आणि शंभर वर्षांची ओळख असलेलं प्रथिन हवं होतं. त्यांनी इन्व्हर्टेज घेतलं.

बिघाड घडवलेलं यीस्ट २५ अंशांवर वाढवायचं, मग ३७ अंशांवर न्यायचं आणि इन्व्हर्टेज बाहेर येतं का ते तपासायचं. पहिला वाण सापडला. ३७ अंशांवर तो इन्व्हर्टेज बनवत होता, पण बाहेर पाठवत नव्हता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर दिसलेलं चित्र १९७९ च्या शोधनिबंधात छापलं आहे. साध्या यीस्टमध्ये क्वचित दिसणाऱ्या गोल पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, त्या पेशीत काठोकाठ भरल्या होत्या. हंगामात गव्हाण बंद पडली की गाडीतळावर गाड्यांना गाड्या लागतात, अगदी तसं. तापमान पुन्हा २५ वर आणलं की साचलेला माल बाहेर पडू लागे. म्हणजे त्या पिशव्या कचरा नव्हत्या, वाटेत अडलेला मालच होता. यीस्टचा रस्ता आणि स्वादुपिंडाचा रस्ता एकच आहे, हे त्या एका चित्राने सांगितलं.

मग नोव्हिक यांच्या लक्षात आलेली एक गोष्ट कामी आली. बाहेर पाठवण्याचा रस्ता बंद झाला तरी पेशी आत प्रथिनं बनवत राहते, पण तिचा पडदा वाढत नाही. पडद्यासाठीचा मालही याच पिशव्यांतून येतो. त्यामुळे अडकलेल्या पेशी जड होतात. जड द्रावणात यीस्ट फिरवलं की त्या खाली बसतात. हजारो वसाहती एकेक करून तपासण्याऐवजी तळाशी बसलेल्या पेशी उचलायच्या! १९८० मध्ये नोव्हिक, चार्ल्स फील्ड आणि शेकमन यांनी एकदम २३ जनुकगट जाहीर केले. काही वाणांत खरखरीत जाळी फुगलेली, काहींत गॉल्जीसारख्या चपट्या पिशव्या साचलेल्या, काहींत पुटिका.

क्रम ठरवायला इन्व्हर्टेजनेच मदत केली. साखर फोडणारं हे विकर स्वतः साखरेने मढलेलं असतं. बाहेर आलेल्या इन्व्हर्टेजचं जवळपास निम्मं वजन मॅनोज या साखरेचं असतं. ही साखर दोन टप्प्यांत चढते. जाळीत शिरताच ठरावीक साच्याची छोटी फांदी लागते, गॉल्जीत गेल्यावर ती फांदी लांबच लांब वाढते. मग कोणत्याही वाणातलं अडकलेलं इन्व्हर्टेज काढायचं आणि त्यावर किती साखर चढली आहे ते पाहायचं. फांदी छोटीच असेल तर गाडी जाळीच्या फाटकातच अडली. लांब असेल तर गॉल्जी पार करून शेवटच्या टप्प्यात. १९८१ मध्ये नोव्हिक, सुसान फेरो आणि शेकमन यांनी दोन-दोन बिघाड एकाच यीस्टमध्ये आणले. दोन नाकी बंद असली तर माल आधीच्या नाक्यावर अडतो, या सरळ तर्काने त्यांनी आधी कोण आणि नंतर कोण ते लावून दाखवलं.

जाळीच्या दाराचा शोध मात्र उलट्या वाटेने लागला. १९८७ मध्ये रेमंड डेशेज आणि शेकमन यांनी पेशीच्या आतच राहायला हवं अशा एका विकराला मुद्दाम चिठ्ठी जोडली. हिस्टिडीन बनवण्याच्या शेवटच्या पायरीचं ते विकर जाळीत कोंडलं गेलं आणि हिस्टिडीनविना यीस्ट वाढेना. या स्थितीतही ज्या मोजक्या पेशी जगल्या त्यांच्यात दारच नीट उघडत नव्हतं, म्हणून विकर बाहेर राहून कामाला लागलं होतं. बिघडलेल्या दाराने दाराचा पत्ता दिला.

त्याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये जेम्स रॉथमन सस्तन प्राण्यांच्या पेशी फोडून, नळीत गॉल्जीच्या पिशव्यांची देवघेव घडवत होते. पुटिका पडद्याला चिकटून एकरूप होण्यासाठी लागणारं एक प्रथिन त्यांनी शुद्ध केलं. त्याचा जनुक यीस्टमधल्या शेकमन यांच्या अठराव्या क्रमांकाच्या जनुकाशी जुळला. हॅमस्टरच्या पेशीत आणि मळीत वाढणाऱ्या यीस्टमध्ये तेच प्रथिन तेच काम करतं, हे कळलं तेव्हा दोन्ही प्रयोगशाळांचे नकाशे एकमेकांवर बसले. शेकमन, रॉथमन आणि मेंदूतल्या पेशींचा अभ्यास करणारे थॉमस स्यूडहॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं.

महाराष्ट्रात या यीस्टकडे कोणी पाहत नव्हतं असं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पबित्र कुमार मैत्र आणि झिटा लोबो १९७०च्या दशकात पुढचा टप्पा उलगडत होते: इन्व्हर्टेजने फोडलेलं ग्लुकोज आत आलं की त्याला पहिल्यांदा हात कोण लावतं? यीस्टकडे त्यासाठी दोन हेक्सोकायनेज आणि एक ग्लुकोकायनेज अशी तीन विकरं आहेत. ती एकेक करून बंद पाडलेले यीस्टचे वाण त्यांनी तयार केले आणि ते काम जगभर वापरलं गेलं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह जपला जातो. यीस्टचे वाण तिथे शुद्ध स्वरूपात सांभाळून हवे तेव्हा उद्योगांना दिले जातात. देशी बियाणाइतकंच जपण्याजोगं धन आहे ते.

डिस्टिलरीतल्या माणसाला पेशीच्या आतल्या या अंगकांची नावं ठाऊक असण्याची गरज नसते, पण त्यांच्या तब्येतीची काळजी तो रोज घेतो. यीस्ट वाढवण्याच्या टाकीत हवा सोडतात, कारण पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) प्राणवायूवर चालतात आणि त्या चालल्या की यीस्ट जोमाने वाढतं. मोठ्या टाकीत प्राणवायू संपतो आणि यीस्ट मद्यार्क बनवू लागतं. यीस्ट तिथे स्वतःची ऊब स्वतः निर्माण करतं. एप्रिल-मेमध्ये श्रीरामपूरचा पारा चाळिशीपार जातो तेव्हा टाकीतला रस गार ठेवणं ही मोठी कसरत होते. पस्तीस अंशांपुढे यीस्ट मंदावू लागतं. शेकमन यांचं यीस्ट ३७ अंशांवर अडायचं ते एका नेमक्या जनुकामुळे. टाकीतलं यीस्ट अडतं ते सर्व बाजूंनी दमून. तरी दोन्हीकडे माणूस तापमापकाकडेच डोळे लावून बसलेला असतो.

प्रथिनांच्या या रस्त्यावरून १९८०च्या दशकात माणसाचा माल जाऊ लागला. बॅक्टेरियात बनवलेलं मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये बाजारात आलं होतं, पण बॅक्टेरियाला ना खरखरीत जाळी ना गॉल्जी. इन्सुलिनच्या साखळ्यांची घडी तीन गंधकबंधांनी नेमकी बसावी लागते आणि ती घडी घालण्याची जागा म्हणजे आंतर्द्रव्यजालिका. डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने यीस्ट निवडलं. इन्सुलिनच्या पूर्वरूपाच्या जनुकापुढे यीस्टच्या स्वतःच्या एका संप्रेरकाची चिठ्ठी जोडली. रायबोझोमवर साखळी तयार होते, चिठ्ठी पाहून जाळीचं दार उघडतं, आत घडी पडते, गंधकबंध जुळतात, गॉल्जीच्या शेवटच्या पिशव्यांत यीस्टचंच एक विकर उरलेला जोडतुकडा कापतं, पुटिका पडद्याला जाऊन मिळते आणि माल टाकीतल्या पाण्यात उतरतो. पेशी फोडावी लागत नाही. बाहेरून गोळा करून शुद्ध केलं आणि शेवटचा छोटा बदल केला की इन्सुलिन तयार. १९८७ पासून ते विकलं जाऊ लागलं.

ऊसपट्ट्यात मधुमेहाचे रुग्ण कमी नाहीत. श्रीरामपूरच्या मेन रोडवर कोणत्याही मेडिकलच्या फ्रिजमध्ये इन्सुलिनची खोकी ओळीने मांडलेली असतात. त्यातल्या काहींच्या आतल्या घडीच्या कागदावर, बारीक टाइपात, औषध कशात तयार केलं ते छापलेलं असतं: सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी. मळीच्या टाकीत फेस आणणाऱ्या यीस्टचं शास्त्रीय नाव तेच.